परिचर्येचा सिद्धांत निवडताना : मधुमेही रुग्णाच्या भरून आलेल्या पायाच्या निमित्ताने

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी अशी मांडणी केली आहे. यांपैकी पहिल्या दोन पादांविषयी आपण सतत बोलतो आणि लिहितो. परिसंवादांतून निदानाची चर्चा होते, कल्पांची होते, अनुपानांचीही होते. तिसरा पाद, म्हणजे उपस्थाता किंवा परिचारक, याचा उल्लेख मात्र बहुधा श्लोकापुरता होतो आणि पुढे तो विसरला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही या तिसऱ्या पादाविषयीच, पण जरा निराळ्या बाजूने, काही विचार मांडू इच्छितो.

आयुर्वेदीय रुग्णालयांत आज ज्या परिचारिका काम करतात त्यांतील बहुतेकींचे शिक्षण आधुनिक परिचर्या-विद्यालयांत झालेले असते. तेथे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्यांना परिचर्येचे अनेक सिद्धांत शिकविले जातात. रुग्णालयाने एखाद्या व्याधीसाठी शुश्रूषेची लेखी पद्धती तयार करावयाचे ठरविले, की त्या साहजिकच विचारतात, ‘वैद्यराज, यासाठी सिद्धांत कोणता घ्यावयाचा?’ आणि आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर असते, ‘कोणताही घ्या, काम नीट करा म्हणजे झाले.’ हे उत्तर सौजन्याचे असले तरी बरोबर नाही, असे आमचे मत आहे. काय पाहावयाचे, कोणी पाहावयाचे आणि कशाला न्यूनता म्हणावयाचे हे सिद्धांतच ठरवितो. सिद्धांत बदलला की कागदावरचे रकाने बदलतात आणि रकाने बदलले की रुग्णाकडे पाहणारी नजर बदलते. एरवी कागदाच्या माथ्यावर एखाद्या विदुषीचे नाव लिहून खाली नेहमीचीच ताप-नाडी-रक्तदाबाची नोंद करावयाची असेल, तर त्या नावाची काहीच आवश्यकता नाही.

सिद्धांताची निवड हवेत होत नाही. ती विषयावर होते. म्हणून आम्ही एकच विषय घेतो, तोही मुद्दाम अरुंद करून. ‘मधुमेह’ हा परिचर्येचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. ‘मधुमेही रुग्णाचा पाय’ हाही मोठाच. आमचा विषय असा : ज्या मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रण एकदा भरून आला आहे, त्याच्या पायाची घरी घ्यावयाची काळजी.

हाच विषय का, याचे कारण आकड्यांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. दुसरीकडे आर्मस्ट्राँग, बौल्टन आणि बुस या तिघांनी २०१७ मध्ये जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले, की पायाचा व्रण भरून आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना एका वर्षाच्या आत पुन्हा व्रण होतो आणि तीन वर्षांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जाते. त्या लेखकांचे म्हणणे असे, की अशा पायाला ‘बरा झाला’ न म्हणता व्याधी तात्पुरती शमली आहे असे म्हणावे. आपण व्रणाचे शोधन-रोपण केले, जात्यादि तैलाचे पिचू ठेवले, त्रिफळा क्वाथाने धावन केले, व्रण भरला, रुग्ण आनंदाने घरी गेला. पुढल्या पावसाळ्यात तोच रुग्ण त्याच पायाचे दुसरे बोट घेऊन येतो आणि या वेळी ते बोट काळे पडलेले असते. या मधल्या काळात त्या पायाचा जबाबदार कोण होता? वैद्य नव्हता, परिचारिका नव्हती, आणि पुष्कळदा स्वतः रुग्णही नव्हता. सिद्धांताकडून आम्हांस उत्तर हवे आहे ते या प्रश्नाचे.

आता उपलब्ध सिद्धांतांकडे धावती नजर टाकू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६०च्या सुमारास परिचर्येवर जे लिहिले त्याचा गाभा परिसर हा आहे : शुद्ध हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, योग्य आहार. निसर्गाला आपले काम करता यावे अशा स्थितीत रुग्णास ठेवणे, हे त्यांच्या मते परिचर्येचे कार्य. सुश्रुतांच्या व्रणितोपासनीय अध्यायातील व्रणिताच्या आगाराचे वर्णन ज्यांनी वाचले आहे त्यांना येथे ओळखीचे वाटेल. हिल्डेगार्ड पेपलाउ यांनी १९५२ मध्ये परिचारिका व रुग्ण यांच्यातील संबंधालाच उपचाराचे साधन मानले. मनोरोगी रुग्णांच्या विभागात आजही त्यांचे नाव प्रथम घेतले जाते. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी श्वसनापासून शिक्षणापर्यंत चौदा मूलभूत गरजा मोजल्या. कॅलिस्टा रॉय यांच्या १९७०च्या मांडणीत बदललेल्या परिस्थितीशी माणूस कसे अनुकूलन करतो, हे केंद्रस्थानी आहे. मॅडेलिन लायनिंगर यांनी संस्कृतीला परिचर्येचा पाया मानले. कॅथरिन कोलकबा यांनी स्वास्थ्यसुखाचा, म्हणजे रुग्णास मिळणाऱ्या आरामाचा सिद्धांत मांडला. आणि डोरोथिया ओरेम (१९१४-२००७) यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्व-परिचर्येतील न्यूनतेचा सिद्धांत मांडला.

यांपैकी प्रत्येक सिद्धांत मधुमेही पायाला ‘लावता’ येतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तो लावलेला असतोही. लावता येणे आणि उपयोगी पडणे यांत मात्र अंतर आहे. नाइटिंगेल यांचा विचार रुग्ण खाटेवर असताना, व्रण उघडा असताना, फार मोलाचा. पण आपला रुग्ण घरी गेला आहे, शेतात जातो आहे, दुकानात उभा आहे. त्याच्या परिसरावर परिचारिकेचा ताबा नाही. कोलकबा यांची मांडणी वेदना असलेल्या रुग्णासाठी उत्तम; येथे मात्र अडचण नेमकी उलट आहे. रुग्णास आराम आहे, आणि तोच धोका आहे.

ज्ञापकत्व हरपलेला रुग्ण

या ठिकाणी आपल्याच शास्त्राकडे क्षणभर वळणे आवश्यक आहे. चरकांनी चतुष्पादांच्या विवेचनात रोग्याचे चार गुण सांगितले : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. सांगितलेले लक्षात ठेवणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपला विकार वैद्यास नीट सांगता येणे. मधुमेही पायाच्या बाबतीत यांतील चौथा गुण शरीरानेच काढून घेतलेला असतो. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह यांचा उल्लेख चरकांच्या निदानस्थानात आहे. ही सुप्तता वाढली की पायात रुतलेला काटा, चपलेतून वर आलेला खिळा, तापलेल्या फरशीचा चटका, यांची वार्ता वर पोहोचतच नाही. रुग्ण खोटे बोलत नसतो, हयगयही करीत नसतो. त्यास सांगण्यासारखे काही जाणवतच नाही. ‘दुखत नाही, म्हणून दाखवले नाही’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात ज्यांनी ऐकले नसेल असा वैद्य विरळा.

हे तत्त्व ज्यांनी जगास नीट समजावून दिले त्या डॉ. पॉल ब्रँड यांचे काम आपल्याच देशातले आहे. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांच्या ध्यानी आले, की बोटे कुष्ठाने आपोआप झडत नाहीत. वेदना नाहीशी झाल्यामुळे रोजच्या लहानसहान इजांकडे दुर्लक्ष होते आणि त्यांतून अवयव जातो. झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग न येणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते. हाच विचार पुढे मधुमेही पायाला लागू झाला. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या, ज्यांना एम.सी.आर. म्हणतात, चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात.

म्हणून आपल्या विषयासाठी सिद्धांतास विचारावयाचा प्रश्न असा : हरपलेल्या ज्ञापकत्वाची भरपाई कोण आणि कशी करणार? या प्रश्नास जो सिद्धांत सरळ उत्तर देतो तो घ्यावा, मग तो कितीही जुना असो वा नवा.

ओरेम यांचा सिद्धांत काय देतो

ओरेम यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक प्रौढ मनुष्य आपले जीवन व आरोग्य राखण्यासाठी काही कृती स्वतः करीत असतो, ही स्व-परिचर्या. आजारपणात या कृतींची मागणी वाढते. मागणी आणि ती पुरी करण्याचे सामर्थ्य यांत तूट पडली, की तेथे परिचर्येची गरज उत्पन्न होते. तूट किती आहे त्यावर परिचर्येचा प्रकार ठरतो. रुग्ण काहीच करू शकत नसेल तर परिचारिका सर्व करते, तो पूर्णपूरक प्रकार. काही तो करतो, काही ती करते, तो अंशपूरक. सर्व काही तोच करू शकतो, पण त्यास शिकविणे व धीर देणे आवश्यक असते, तो आधार-शिक्षणात्मक प्रकार. याखेरीज दुसऱ्याच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या काळजीलाही, म्हणजे घरच्या माणसाने घेतलेल्या काळजीलाही, या मांडणीत स्थान आहे.

यातील मोलाची गोष्ट कोणती? ‘तूट’ हा शब्द. रुग्णाने पायाची काळजी घेतली नाही असे आढळले, की आपण त्यास अपथ्यकर म्हणून मोकळे होतो. ओरेम विचारावयास लावतात, की तूट ज्ञानाची आहे, सामर्थ्याची आहे, की इच्छेची? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साठीच्या घरातील एक गृहिणी. मधुमेह बारा-तेरा वर्षांचा. उजव्या पायाच्या अंगठ्याखालील व्रण दोन महिन्यांच्या उपचाराने भरून आला आहे. तिला घरी पाठविताना परिचारिकेने दहा सूचना सांगितल्या : पाय रोज पाहा, रोज धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नखे सरळ कापा, अनवाणी चालू नका, इत्यादी. बाईंनी सर्व सूचना तोंडपाठ म्हणून दाखविल्या. ज्ञानाची तूट नाही. पण त्यांचे गुडघे धरलेले आहेत, पाय उचलून तळवा पाहता येत नाही. मधुमेहाने दृष्टी अधू झाली आहे. पाय वर घेता आला तरी तळव्यावरचा लालसर डाग दिसणार नाही. जोडवी घट्ट झाली आहेत, पण ती काढावयाची नाहीत असे मनात आहे. स्वयंपाकघरात चपला घालणे त्यांना पटत नाही. पाय पाहण्याची त्यांची इच्छा आहे, ज्ञान आहे, सामर्थ्य नाही. चपलांच्या बाबतीत ज्ञान व सामर्थ्य आहे, इच्छा नाही. या बाईंना पुन्हा दहा सूचनांचा कागद देणे म्हणजे भुकेल्यास पाकक्रिया वाचून दाखविणे होय.

ओरेम यांच्या पद्धतीने नोंद केली तर तळवा पाहण्याचे काम बाईंच्या नावावरून निघून घरातील दुसऱ्या कोणाच्या नावावर जाते. कोणाच्या, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. आपल्याकडे सुनेने सासूबाईंच्या पायांना हात लावणे रीतीचेच आहे. परंतु यजमानांनी आपल्या पायाशी बसून तळवा न्याहाळावा, हे त्या पिढीतील स्त्रीस संकोचाचे वाटते. नातवंडांकडे हे काम दिले तर ते हौसेने करतात आणि त्यांची नजर तीक्ष्ण असते, ही गोष्ट येथे जाता जाता नमूद करण्यासारखी आहे. घरी दुसरे कोणीच नसेल तर भुईवर आरसा ठेवून त्यात तळवा पाहता येतो, अर्थात दृष्टी शाबूत असेल तर.

ओरेम यांच्या मांडणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्यांची ‘स्व’ची कल्पना पाश्चात्त्य समाजातील एकट्या, स्वावलंबी व्यक्तीची आहे. आपल्या घरांत काळजी घेणे हे वाटून घेतलेले काम असते. ‘स्व’ म्हणजे पुष्कळदा घर. म्हणून इतरांकडून घेतल्या जाणाऱ्या काळजीचा त्यांच्या मांडणीतील भाग आपण पुढे आणावा आणि स्वावलंबनाचा आग्रह थोडा मागे ठेवावा, असे आम्हांस वाटते. सिद्धांत निवडणे म्हणजे त्याची दीक्षा घेणे नव्हे.

अनवाणी चालण्याचा प्रश्न

येथे एक नाजूक मुद्दा येतो. तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात निर्धन व निराधार प्रमेही रुग्णास पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर राहून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने वा त्याहून अधिक चालण्यास सांगितले आहे. काही वैद्यबंधू या वचनाचा आधार घेऊन मधुमेही रुग्णास दवावर अनवाणी चालावयास सांगतात. कित्येक रुग्ण तर वैद्याने न सांगताही अनवाणी चालतात : कोणी नवरात्रात नवस म्हणून, कोणी वारीत, कोणी देवळात तापलेल्या फरसबंदीवरून.

आमचे म्हणणे असे, की अकरावा अध्याय बाराव्याशी जोडून वाचला पाहिजे. बाराव्या अध्यायात, प्रमेहपिडकांच्या चिकित्सेत, मधुमेहींच्या पिडका शरीराच्या अधोभागी होतात हे सुश्रुतांनी कारणासह सांगितले आहे. अकराव्यातील उपदेशाचा हेतू कठोर व्यायाम आणि मेद-क्लेदाचा क्षय हा आहे. तो ज्याच्या पायात संवेदना आहे, ज्यास काटा रुतल्याचे कळते, त्याच्यासाठी. ज्याच्या पायाचे ज्ञापकत्व गेले आहे आणि जेथे एकदा व्रण होऊन गेला आहे, त्यास तो लागू करणे म्हणजे अवस्थाभेद न पाहता चिकित्सा करणे होय. शिवाय पादत्रधारणाचे गुण चरकांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वतंत्रपणे सांगितलेच आहेत. व्यायाम हवा, पादत्राणांसह हवा.

तीच गोष्ट स्वेदनाची. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अस्वेद्यांच्या यादीत चरकांनी मधुमेहीचे नाव घातले आहे. तरीही पायाची आग किंवा बधिरपणा घेऊन आलेल्या रुग्णास नाडीस्वेद, गरम पोटली किंवा कोमट म्हणून दिलेले, प्रत्यक्षात कढत असलेले पाणी, हे प्रकार घडतात. बधिर पायास चटका बसल्याचे रुग्ण सांगू शकत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. पाण्याची ऊष्णता रुग्णाच्या पायाने कधीही पाहू नये, परिचारकाने आपल्या कोपराने पाहावी. कदर किंवा भोवरीवर अग्निकर्म वा क्षार वापरण्यापूर्वी त्या पायाची संवेदना आणि पायाच्या धमन्यांचे स्पंदन पाहिलेच पाहिजे. स्पंदन लागत नसेल तर ते कर्म करू नये.

या जागी लायनिंगर यांचा सिद्धांत ओरेम यांच्यापेक्षा सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. रूढ आचारापैकी काय जसेच्या तसे राखावे, कशात तडजोड करावी आणि काय बदलून नव्याने घडवावे, असे तीन मार्ग त्या सांगतात. पायास तेल लावण्याची आपली रूढी राखावी, बोटांच्या बेचक्या वगळून. स्वयंपाकघरासाठी वेगळी, धुतलेली, फक्त घरातच वापरावयाची मऊ चप्पल ठेवावी; ही तडजोड बहुतेक घरांत चालते. देवळात अनवाणी जावयाचे तर सकाळी, फरशी तापण्यापूर्वी, जाड मोजे घालून. नवसाची अनवाणी वारी मात्र बदलावीच लागेल, आणि ते सांगण्याचे काम परिचारिकेपेक्षा वैद्याने करावे, कारण रुग्ण तेथे वैद्याचा शब्द मानतो.

मग लायनिंगर घ्याव्यात की ओरेम? आमच्या विषयासाठी आम्ही ओरेम यांचा सिद्धांत मुख्य ठेवतो आणि अनवाणीपणाच्या एका कलमापुरता लायनिंगर यांचा विचार उसना घेतो. दोन्ही सिद्धांत समान पातळीवर ठेवून पद्धती लिहिली तर कागदाला दोन तोंडे फुटतात आणि परिचारिका तिसराच मार्ग धरते. कापलेल्या बोटानंतर खचलेला रुग्ण, चालणे व कामधंदा बदललेला रुग्ण, हा विषय असता तर आम्ही रॉय यांच्याकडे गेलो असतो. तेथे प्रश्न अनुकूलनाचा असतो.

रोजच्या कामाची भाषा

ओरेम यांचा सिद्धांत व्यापक आहे आणि व्यापक सिद्धांताची अडचण ही, की तो सकाळी आठ वाजता काय करावे ते सांगत नाही. त्यासाठी मध्यम पल्ल्याचा सिद्धांत जोडीला घ्यावा लागतो. बार्बरा रीगेल, टायनी यार्समा आणि अ‍ॅना स्ट्रोमबर्ग यांनी २०१२ मध्ये दीर्घकालीन आजारांतील स्व-परिचर्येचा असा सिद्धांत मांडला. त्यात तीन अंगे आहेत : नित्य पालन, लक्ष ठेवणे आणि बदल दिसताच कृती करणे. पालन म्हणजे पाय धुणे, कोरडे करणे, पादत्राण घालणे. लक्ष ठेवणे म्हणजे रोज पाय पाहणे आणि चपला-बुटांत हात घालून आतला खडा, वर आलेला खिळा चाचपणे. कृती म्हणजे डाग, फोड वा सूज दिसताच त्याच दिवशी दाखविणे. आमच्या मते आपल्या रुग्णांत पालन बऱ्यापैकी होते, कृतीही होते, पण उशिरा. कारण मधले अंग, लक्ष ठेवणे, तेथेच साखळी तुटते. वेदनेने जे आपोआप झाले असते ते येथे डोळ्याने आणि हाताने, ठरवून, रोज करावे लागते.

संवेदना गेली आहे की नाही हे पाहण्याचे साधन महाग नाही. दहा ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून रुग्णास डोळे मिटून विचारतात. तोही नसेल तर दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर तो पाय बधिर समजावा. स्पर्शपरीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. दोन्ही पायांच्या समान जागी उष्णतेत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक दोन दिवस सतत राहिला, तर आत शोथ सुरू झाला आहे असे मानून चालणे कमी करावे व तपासून घ्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. त्यांतच व्रण होऊन गेलेल्या पायाची तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी करावी असा दंडक आहे. आपल्या रुग्णाला आपण ‘काही त्रास झाला तर या’ असे सांगतो. ज्यास त्रास कळत नाही त्यास हे सांगण्यात अर्थ नाही, तारीख द्यावी.

औषधालयाच्या मालकांशीही दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे, कारण पायाची आग, भेगा, भोवरी यांसाठी रुग्ण प्रथम त्यांच्याकडेच येतो, वैद्याकडे नंतर. भोवरी काढण्याच्या आम्लयुक्त पट्ट्या मधुमेही ग्राहकास देऊ नयेत. बधिर पायावर त्या भोवरीबरोबर खालची त्वचाही जाळतात. गरम पाण्याची पिशवी पायासाठी मागितली तर कोणासाठी ते विचारावे. तैल किंवा मलम देताना ‘बेचक्यांत लावू नका’ हे एक वाक्य जोडावे. आणि ‘साखर आहे का?’ एवढा प्रश्न विचारून, उत्तर होकारार्थी आल्यास ‘आज पायाचा तळवा कोणी पाहिला?’ असे विचारावे. बोट काळे पडले असेल, व्रणास दुर्गंध असेल, लाली व्रणाच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे पसरली असेल, किंवा ताप असेल, तर मलमाची विक्री न करता त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे धाडावे. रक्तप्रवाह थांबलेल्या बोटास कोणतेही तैल जीवदान देऊ शकत नाही.

सिद्धांत योग्य होता हे कसे कळावे?

निवड करून थांबता येत नाही, ती तपासावी लागते. त्यासाठी ‘रुग्णास समजले’ अशी नोंद निरुपयोगी आहे. डेबोरा टूबर्ट व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मधुमेह-स्वपरिचर्येच्या प्रश्नावलीत पायांविषयी दोनच प्रश्न आहेत आणि ते आम्हांस फार आवडले. गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तुम्ही पाय पाहिले? आणि किती दिवस पादत्राणांच्या आतील भाग तपासला? उत्तर शून्य ते सात असा अंक. आमच्या उदाहरणातील घरासाठी ‘तुम्ही’च्या जागी ‘कोणी’ हा शब्द घालावा आणि त्यापुढे पाहणाऱ्याचे नाते लिहावे.

हा अंक दोन भेटींत वाढला नाही तर रुग्णास दोष देण्यापूर्वी आपण ठरविलेला परिचर्येचा प्रकार तपासावा. आधार-शिक्षणात्मक म्हणून ज्याची नोंद केली तो रुग्ण प्रत्यक्षात अंशपूरक प्रकारातील असू शकतो. मग आठवड्यातून एकदा रुग्णालयात बोलावून पाय परिचारिकेनेच पाहावा आणि मधले दिवस घरातील व्यक्तीकडे सोपवावेत. अंक सात असूनही नवा व्रण झाला, तर पाहण्यात कसूर नव्हती. मग पादत्राण, चालण्यातील भार किंवा रक्तप्रवाह यांत कारण शोधावे लागेल आणि ते परिचर्येच्या कक्षेबाहेरचे असल्यास वैद्य व शल्यचिकित्सक यांनी हाती घ्यावे. व्रण पुन्हा उघडला की हा कागद तेथेच बंद करावा, व्रणोपक्रमांचा कागद उघडावा, आणि रोपण पूर्ण झाल्यावर, रुग्ण घरी जाण्याच्या आदल्या दिवशी, घरातील पाय पाहणाऱ्या व्यक्तीस समोर बसवून नवा कागद सुरू करावा.